कोरडवाहू शेतकरी कुटुंबाची उपजीविका कशावर टिकते

उपजीविकेची सुरक्षितता म्हणजे वर्षभराचे धान्य, दवाखाना, मुलांचे शिक्षण आणि पुढच्या पेरणीचे बियाणे-खत हे सारे जमीन, बैलजोडी किंवा घरातले सोने न विकता भागणे. या कसोटीवर विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक कोरडवाहू कुटुंबे काठावर उभी आहेत. एकाच शिवारात, एकाच पावसाने दोन कास्तकारांचे सोयाबीन सारखेच बुडते. एक जण पुढच्या खरिपात सावरतो, दुसरा पाच वर्षे फेडत राहतो. हा फरक पिकात सापडत नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, कर्ज कोणाकडून घेतलेले, घरात दुसरी मिळकत आहे की नाही, दवाखान्याचे बिल कशातून भरले, यांत तो असतो. बियाणे आणि खताबद्दल सल्ला देणारे गावोगाव भेटतात. या दुसऱ्या बाजूबद्दल मात्र शेतकऱ्याला क्वचितच कोणी नीट सांगते, आणि कुटुंब उभे राहते किंवा कोसळते ते बहुधा याच बाजूला.

परिस्थितीचे आकडे

कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे आजोबांच्या साडेदहा एकरांचे नातवापर्यंत सव्वातीन एकर झाले. राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम पाचवा हिस्सा सिंचनाखाली आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या मोठ्या भागात जुलै-ऑगस्टमधला पावसाचा खंडच पिकाचे भवितव्य ठरवतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये होते, पिकाचे ३,७९८ आणि जनावरांचे १,५८२. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, ही गोष्ट नियोजन करताना कधीही विसरू नये. त्याच पाहणीत निम्मी कुटुंबे कर्जात होती आणि एकूण थकीत कर्जापैकी ५७.५ टक्केच शेतीसाठी काढलेले होते. उरलेले लग्न, आजारपण, घर, शिक्षण अशा गरजांचे होते. शेतीचे कर्ज आणि घराचे कर्ज यांची वही वेगळी ठेवण्याची सवय आपल्याकडे नाही, म्हणून सारा बोजा पिकावर पडतो.

भाव थोडा उतरला तरी घर कसे हलते, हे साध्या हिशेबाने कळते. पाच एकरांत एकरी सहा क्विंटलप्रमाणे ३० क्विंटल सोयाबीन झाले असे धरू. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने १,४६,७६० रुपये होतात. त्या हंगामात अनेक बाजारांत भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. त्या दराने १,२०,००० होतात. मशागत, बियाणे, खत, फवारणी, कापणी, मळणी मिळून एकरी वीस हजार खर्च धरला, तर एक लाख वजा करून पहिल्या हिशेबात ४६,७६० रुपये हाती राहतात, दुसऱ्यात फक्त २०,०००. भाव अठरा टक्के उतरला, पण घरात राहणारी रक्कम निम्म्याहूनही खाली गेली. केंद्राच्या आणि राज्याच्या सन्मान निधीचे मिळून वर्षाला १२,००० रुपये येतात. भावातली घट २६,७६० रुपयांची आहे. अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावण्यापेक्षा विक्रीची वेळ आणि खर्चाची शिस्त यांत जास्त पैसा आहे, तो यामुळे.

कागदावरचे नाव

पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीची मदत, सन्मान निधी, या सगळ्यांचा दरवाजा सातबाऱ्यावरच्या नावाने उघडतो. म्हणून कुटुंबाने सर्वांत आधी सातबारा आणि आठ-अ काढून नीट वाचावा. क्षेत्र बरोबर आहे का, मृत व्यक्तीचे नाव अजून तसेच आहे का, फेडलेल्या कर्जाचा बोजा इतर हक्कांत पडून आहे का, हे पाहावे. बोजा फिटला असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला देऊन तो कमी करून घ्यावा. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

वारस नोंद ही गावाकडे सर्वाधिक टाळली जाणारी गोष्ट. वडील गेले, तिघे भाऊ समजुतीने वाहतात, म्हणून फेरफार राहून जातो. मग कर्ज काढताना, विमा भरताना, भरपाई घेताना प्रत्येक वेळी मयताच्या नावापाशी काम अडते. खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि सर्व वारसांचे आधार जोडावे. नोटीस निघून हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज होतो. राज्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारस लावण्याचे काम हाती घेतले; ज्यांचे राहून गेले असेल त्यांनी ते आता तरी करावे. भावांत एकमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारासमोर वाटप करून घ्यावे. नाते गोड आहे तोवरच ही कामे सोपी असतात.

बाईचे नाव हा याच प्रश्नाचा सर्वांत दुखरा भाग. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, बियाणे राखणे, जनावरे पाहणे ही कामे तिच्या हातची, पण सातबाऱ्यावर ती बहुतेक घरांत नसते. नवरा बाहेरगावी कामाला गेला किंवा वारला, की तिला कर्ज मिळत नाही आणि कार्यालयात तिला शेतकरी म्हणून मोजत नाहीत. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून हजारो शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून द्यायला लावले. पुढे १९९२ मध्ये शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. या सोयीचा उपयोग आजही फार थोडी घरे करतात. यासाठी नवऱ्याला जमीन गमवावी लागत नाही. कुटुंबाच्या मिळकतीवर दुसरी सही येते, आणि परस्पर खरेदीखत करून देण्याला आळाही बसतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला. बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत मात्र सुरूच आहे. नवऱ्याच्या पाठीमागे माहेरी परतलेल्या बाईला तो एक एकरही किती मोठा आधार असतो, हे ज्यांनी गावात पाहिले आहे त्यांनी बहिणीपुढे तो कागद सहीसाठी ठेवू नये.

तिसरा गट बटईने किंवा मक्त्याने जमीन वाहणाऱ्यांचा. मालक शहरात, कसणारा गावात, करार तोंडी. करार लिहून द्यायला मालक धजत नाही, कारण विदर्भात १९५८ चा, मराठवाड्यात १९५० चा आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा त्याच्या मनात असतो. लिहिले तर जमीन जाईल ही भीती. परिणाम असा, की पेरणीचा सारा खर्च आणि जोखीम कसणाऱ्याची, आणि भरपाई मालकाच्या खात्यात. पीकविम्यात भाडेपट्ट्याने कसणाऱ्यालाही जागा आहे, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक तयार असेल तर एका हंगामाचा किंवा वर्षाचा करार नोंदवून घ्यावा. तयार नसेल तर निदान भरपाई, विमा आणि हमीभावाने झालेल्या विक्रीचा पैसा कोणाचा, हे पेरणीआधी दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. कोर्टात त्याचे वजन कमी असेल, पण गावात भांडण टळते. जमीन नावावर नसलेल्यांना बँका संयुक्त देयता गटामार्फत कर्ज देतात: चार ते दहा जणांचा गट, तारण नाही, एकमेकांची हमी.

ई-पीक पाहणी २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक दिसले नाही तर हमीभाव केंद्रावर नोंदणी अडते, नुकसानीच्या मदतीतही प्रश्न उभे राहतात. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने शेजाऱ्याच्या किंवा गावातल्या शिकलेल्या मुलाच्या फोनवरून ती मुदतीत उरकावी.

नावाबरोबर रस्ताही पाहावा. पांदण अडलेली असेल तर मळणीयंत्र वावरात जात नाही, पावसात माल बाहेर निघत नाही, आणि मिळेल त्या भावाने बांधावरच विकावा लागतो. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, आणि नवा रस्ता हवा असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा.

नड आणि कर्ज

कोरडवाहू घराचा पैसा जूनमध्ये लागतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर येतो. दुबार पेरणीची वेळ आली तर जूनची नड जुलैत दुप्पट होते. ही पाच-सहा महिन्यांची दरी कोण भरून काढतो, यावर वर्षाचा नफा-तोटा ठरतो.

स्वस्त मार्ग पीककर्जाचाच. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज लागते. वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळून ते ४ टक्के होते, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्यावर येते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही. या सगळ्याची अट एकच, मुदतीत परतफेड.  आपल्या खात्याची नेमकी तारीख बँकेतून लिहून आणावी. कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी आणि अवजारांच्या देखभालीसाठीही हिस्सा धरलेला असतो. म्हणून मर्यादा काढताना आपली सर्व पिके आणि पूर्ण क्षेत्र बँकेने धरले आहे की नाही, हे विचारावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २००८ मध्ये केंद्राने, २०१७ मध्ये राज्याने दीड लाखापर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत कर्जमाफी दिली. ती खचलेल्या हजारो घरांना आवश्यकच होती. पण पुढची माफी येईल म्हणून फेडण्याजोगे कर्जही थकवत ठेवणे छोट्या शेतकऱ्याला महागात पडते. खाते थकीत झाले की शून्य टक्क्याची सवलत जाते, नवे कर्ज बंद होते, आणि जूनमध्ये तो सावकाराच्या ओट्यावर असतो. शेकडा चार रुपये महिन्याने एक लाख सहा महिन्यांसाठी घेतले तर चोवीस हजार व्याजाचे; वरच्या दुसऱ्या हिशेबातला सगळा नफा एवढ्यात संपतो. खरोखरच पीक बुडाले असेल आणि शासनाने गावात नुकसान जाहीर केले असेल, तर थकबाकीत जाण्याआधी बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुनर्गठनाने कर्ज संपत नाही, हप्ते लांबतात, पण खाते जिवंत राहते.

कृषी सेवा केंद्राची उधारी हेही कर्जच आहे, फक्त त्यावर व्याज लिहिलेले नसते. ते मालाच्या वाढीव किमतीत असते, आणि अनेकदा पीक त्याच व्यापाऱ्याला घालण्याच्या बोलीत. उधार घेतानाही पक्के बिल मागावे. बियाणे उगवले नाही तर तक्रारीला तोच कागद लागतो. पिशवी, टॅग आणि थोडे बियाणेही जपून ठेवावे.

सावकारीचा इतिहास महाराष्ट्राला जुना आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले तेव्हा शेतकऱ्यांनी कर्जरोखेच जाळले, आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारला शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा करावा लागला. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. त्याखाली शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा वर जाता येत नाही. सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे कर्जाला तारण म्हणून खरेदीखत करून देणे. “पैसे दिले की परत लिहून देतो” या शब्दावर जमिनी गेल्या आहेत. असा कागद कधीही करू नये. झालाच असेल, तर अवैध सावकारीतून पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन परत मागण्यासाठी कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पैसे दिल्याचे, व्याज भरल्याचे कोणतेही टिपण, फोनवरचे संदेश, साक्षीदार जपून ठेवावेत.

बायकांच्या नावावर येणारे सूक्ष्म वित्त कंपन्यांचे गटकर्ज ही अलीकडची नवी साखळी. आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता ठरलेला, आणि शेतीचा पैसा वर्षातून एकदोनदाच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेण्याची वेळ आली, की तिथेच थांबावे. उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटातून बँकेशी जोडलेले कर्ज असेल तर आधी तेच घ्यावे.

घर, समाज आणि खर्च

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला, तेव्हाच शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे पिकाबाहेर शोधली होती: अज्ञान, धार्मिक कृत्यांवरचा खर्च, सावकार आणि नोकरशाही. त्यातल्या काही गोष्टींनी आज फक्त रूप बदलले आहे. लग्न हे त्याचे ठळक उदाहरण. गावात मान राहावा म्हणून दोन एकर गहाण पडतात, हुंडा कायद्याने बंद असूनही वाहन-दागिन्यांच्या नावाने दिला जातो. मुलीचा बाप एकटा ही प्रथा मोडू शकत नाही, कारण नकाराची किंमत मुलीला मोजावी लागते. म्हणून भावकीने, समाजाच्या पंचांनी किंवा ग्रामसभेने खर्चाची मर्यादा ठरवली, सामूहिक विवाहाला प्रतिष्ठित घरांनी आधी आपली मुले उभी केली, तरच ती मोडते.

आजारपणाचे तसे नाही. ते टाळता येत नाही, पण त्याचा खर्च टाळता येतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आता सर्व शिधापत्रिकाधारकांना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात मोफत मिळतात. घाईत लोक जवळच्या खासगी दवाखान्यात जातात, आणि तो योजनेत नाही हे बिल भरताना कळते. आपल्या तालुक्यातली आणि जिल्ह्यातली अंगीकृत रुग्णालये कोणती, हे निरोगी असतानाच कागदावर लिहून शिधापत्रिकेसोबत ठेवावे. शिधापत्रिकेवर घरातल्या सर्वांची, नव्या सुनेची आणि लहान मुलांचीही, नावे आहेत का तेही पाहावे.

जात आणि जमीन यांचे नाते अजून सुटलेले नाही. दलित कुटुंबांकडे वडिलोपार्जित जमीन अपवादाने असते. जी असते ती बहुधा हलकी, टेकडीकडची. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झाले, आणि त्यांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. अर्ज समाजकल्याण कार्यालयात करायचा. जमीन आहे पण पाणी नाही, अशा अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना विहिरीला अनुदान देते. कोरडवाहू वावरात विहीर झाली की गहू-हरभऱ्याचा रब्बी हंगाम उभा राहतो. मिळणाऱ्या सगळ्या लाभांत कुटुंबाची स्थिती बदलणारा हा एक लाभ म्हणून त्याच्या मागे चिकाटीने लागावे.

वनजमीन कसणाऱ्या आदिवासींनी वनहक्क कायदा, २००६ खाली ग्रामसभेमार्फत दावा करावा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची जमीन मिळते. पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने निघतो, वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूवर गावाची सत्ता आणली. एकेका घराच्या पट्ट्यापेक्षा संपूर्ण गावाचा हक्क किती मोठा आधार होतो, हे त्यातून दिसले.

स्थलांतराची किंमत सर्वांत जास्त मुले मोजतात. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फेडण्यासाठी चार-पाच महिने कोयता चालवते. उचल किती, दर टनाला भाव किती, कापले किती, हे दोघांनीही वेगळ्या वहीत लिहावे. मुलांना सोबत न नेता गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे निघण्याआधी नाव नोंदवावे.

विक्री आणि आपत्ती

काढणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात माल विकावा लागणे हे गरिबीचे लक्षण आणि कारण दोन्ही आहे. यावर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के वार्षिक दराने सहा महिन्यांसाठी मिळते. उधारी आणि मजुरी भागते, माल आपलाच राहतो. सर्व बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरातच चौकशी करावी. आणि भाव चढेलच असे नाही. सगळा माल रोखण्याऐवजी गरजेपुरता विकून उरलेला ठेवावा.

हमीभाव केंद्रावर माल परत येतो तो बहुतेकदा ओलाव्यामुळे. सोयाबीनला १२ टक्के ही सर्वसाधारण मर्यादा. कापसाला भारतीय कपास निगम ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ पर्यंत कपात करून घेते. दोन दिवस ऊन दिल्याने क्विंटलमागे शेकडो रुपये वाचतात. आधार, बँक पासबुक आणि पीक नोंद असलेला सातबारा घेऊन नोंदणी मुदतीत करावी. दहा क्विंटलच्या गाडीभाड्याला न परवडणारे केंद्र पाच घरांनी मिळून माल नेला तर परवडते. शेतकरी उत्पादक कंपनीत सभासद होण्याचा पहिला फायदा हाच.

पीकविम्यात खरिपाला विमा रकमेच्या २, रब्बीला १.५ आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याचा असतो. महाराष्ट्रात २०२३ आणि २०२४ मध्ये एक रुपयात विमा होता; २०२५ पासून पुन्हा हप्ता भरावा लागू लागला आणि नुकसान मोजण्याच्या अटीही बदलल्या. म्हणून दर हंगामाचा शासन निर्णय सहायक कृषी अधिकाऱ्याकडून समजून घेतल्याशिवाय मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. स्थानिक आपत्तीची भरपाई त्या हंगामात लागू असेल तर ७२ तासांच्या आत १४४४७ वर सूचना द्यावी लागते. शासकीय मदत वेगळी: ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर पंचनामा होऊन आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकराला जेमतेम ३,४००. वीस हजारांच्या खर्चापुढे हा आकडा पाहिला की आपली तजवीज आपणच करणे किती भाग आहे ते कळते.

दुसरी मिळकत

कपाशीत तुरीच्या ओळी, सोयाबीनसोबत तूर, घरच्यापुरती ज्वारी आणि मूग-उडीद ही आजोबांची पद्धत होती. निव्वळ नगदी पिकाने ती मोडली. पावसाचा खंड पडला तर सोयाबीन जाते, तूर तगते; आणि घरची डाळ-भाकरी असली की पडत्या भावातही माल रोखता येतो. चार शेळ्या किंवा एक दुभते जनावर दर महिन्याला हातात पैसा आणते. तो घरातल्या बाईच्या हाती राहिला तर मुलांच्या पोटात आणि शाळेत जातो. रोजगार हमीचा पहिला कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. या हमीच्या कामाची मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि दिनांकित पोच घ्यावी; पोच नसेल तर मागणी केलीच नव्हती असे धरले जाते.

संकटातले कुटुंब

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातल्या होत्या. देशातल्या त्या आकड्यात शेतमजूर ६,०८३ होते, शेतकऱ्यांपेक्षा जास्त. एकच एक कारण यामागे नसते. नापिकी, थकलेले कर्ज, आजारपण, दारू, घरातला अबोला आणि चारचौघांत झालेला अपमान एकमेकांत गुंततात. माणूस बोलणे टाकतो, झोप उडते, सावड-सणवारात येत नाही, आवडीच्या वस्तू किंवा जनावर देऊन टाकतो, “माझ्यानंतर” अशी भाषा करतो, तेव्हा शेजाऱ्याने थेट विचारावे आणि एकटे सोडू नये. विचारल्याने कोणाच्या मनात तो विचार येत नाही, उलट मन मोकळे होते. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत आरोग्य खात्याच्या प्रेरणा प्रकल्पातून जिल्हा रुग्णालयात समुपदेशन मिळते.

अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का, रस्ता अपघात यांचा तीत समावेश आहे, आणि खातेदारासोबत त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्तीही पात्र ठरते. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, म्हणून सर्पदंशाच्या मृत्यूतही रुग्णालयात नोंद केल्याशिवाय अंत्यविधी उरकू नये.

शेतकरी आत्महत्येनंतर शासन एक लाख रुपये देते, त्यांतले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेवीत. पात्रतेसाठी जमीन, नापिकी आणि बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज पाहिले जाते. अवैध सावकाराचे कर्ज या मोजणीत येत नाही. जमीन नावावर नसलेला बटईदार आणि नवऱ्याच्या शेतात आयुष्य घातलेली बाई शेतकरी ठरत नाही. हा निकष बदलायला हवा. तो बदलेपर्यंत मागे राहिलेल्या बाईने, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या गावकऱ्यांनी, वारस नोंद तिच्या व मुलांच्या नावे लगेच लावून घ्यावी, दीर-सासऱ्याने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये द्यावा, आणि मदतीचा अर्ज अपात्र ठरला तर त्याचे कारण लेखी मागून घ्यावे.